आरपार दिसतं म्हणून शुद्ध?

प्रश्न: मिठाचं पाणी एकदम क्लिअर दिसतं, तरी ते मिश्रण. आणि बर्फ तरंगणारं पाणी सरळसरळ दोन भागांत दिसतं तर तो म्हणे शुद्ध पदार्थ! मुलगी पेपरात नेमकं उलटं लिहून आली, मलाही समजावता येईना. ओळखायचं कसं?

उत्तर: ताई, बहुतेक मुलं इथेच अडकतात कारण आपण आधी डोळ्यांनी बघतो आणि लगेच ठरवून टाकतो. खरं तर इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्यात डोळ्यांचं काही काम नाही. पहिला प्रश्न, आत पदार्थ एकच आहे की जास्त? बर्फ काय पाणी काय, रेणू तेच, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने 1:8, यात बदल नाही, फक्त अवस्था दोन. मीठ मात्र चिमूटभर टाका नाहीतर चार चमचे टाका, मिठाचं पाणीच म्हणणार ना? प्रमाण बदलता येतं म्हणजे मिश्रण. पितळही असंच, तांबं आणि जस्त कमीजास्त करता येतं.

खात्री करायची तर थर्मामीटर लावा, मला ही टेस्ट फार आवडते. शुद्ध पाणी समुद्रसपाटीला 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि पूर्ण आटेपर्यंत पारा तिथेच राहतो, मिठाचं पाणी त्याच्या थोडं वर उकळायला लागतं आणि पाणी उडून मीठ दाट होत जातं तसं तापमान चढतच जातं. याला अपवाद आहे बरं का, वजनाने सुमारे 95.6 टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी असं मिश्रण 78.2 अंशांच्या आसपास एकाच तापमानाला उकळत राहतं, म्हणून एकट्या या टेस्टवर विसंबू नका.

मिश्रण आहे हे ठरलं की मगच दुसरा प्रश्न, सगळीकडे सारखं आहे का? मिठाचं पाणी समांगी, म्हणजे सगळीकडे सारखं, वाळू आणि पाणी विषमांगी, म्हणजे सारखं नसलेलं, हे सोपं. फसवतं ते दूध. दिसतं एकसारखं पण मायक्रोस्कोपखाली स्निग्ध पदार्थाचे गोळे वेगळे तरंगताना दिसतात, म्हणून ते कलिल, म्हणजे न विरघळता बारीक कण पसरलेलं मिश्रण, आणि शाळेत कलिल विषमांगीत धरतात. पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधारात टॉर्च मारा, प्रकाशाचा पट्टा स्पष्ट दिसेल, मिठाच्या स्वच्छ द्रावणात तो दिसत नाही. मुलीला हे करूनच दाखवा.