क्वार्टरबॅकची वीत

प्रश्न : माझा मुलगा गेली अनेक वर्षे अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. चौदा वर्षांचा नातू शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू म्हणून खेळतो. ‘हात लहान आहेत, पुढे अडचण येईल’ असे त्याला कोणीतरी सांगितले आणि तेव्हापासून तो रोज पट्टी घेऊन पंजा मोजत बसतो. या खेळात खरोखरच पंजाच्या मापावरून खेळाडूची पारख करतात का? – एक आजोबा, ठाणे

उत्तर : करतात, आणि तुम्हाला गंमत वाटेल, पण ज्या मापाने करतात ते आपल्या पूर्ण परिचयाचे आहे. दरवर्षी हिवाळा सरता सरता इंडियानापोलिस येथे ‘कंबाइन’ भरते. कॉलेजातून एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, येऊ पाहणाऱ्या खेळाडूंची उंची, वजन आणि धावण्याचा वेग तिथे तपासला जातो, आणि त्याच वेळी पंजा पूर्ण ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतरही नोंदवले जाते. ही आपली वीतच. जुन्या कोष्टकात दोन वितींचा एक हात आणि हात अठरा इंचांचा, म्हणजे वीत नऊ इंचांची. क्वार्टरबॅकच्या बाबतीतही नेमकी नऊ इंच हीच अलिखित मर्यादा मानली जाते.

या आग्रहामागे कारण नाही असे नाही. एनएफएलचा चेंडू सुमारे अकरा इंच लांब असतो आणि मध्यभागी त्याचा घेर एकवीस इंचांच्या आसपास भरतो, त्यामुळे मोठ्यात मोठ्या पंजालाही तो पुरता कवेत घेता येत नाही. बोटांची टोके वरच्या दोरीच्या टाक्यांवर रुतवून आणि अंगठा खालून लावून तो धरावा लागतो. फेकण्याचा आविर्भाव करून हात मध्येच थांबवायचा असेल, किंवा पावसाने अथवा बर्फाने चेंडू बुळबुळीत झाला असेल, तर पकड मोठी असलेल्याला तेवढी सवलत मिळते, हे मान्य करायला हवे. मात्र ज्याची वीत लहान आहे तो चेंडू थोडा मागच्या, निमुळत्या टोकाकडे धरतो, आणि तिथे घेर कमी असल्यामुळे त्याचे काम भागते. शिवाय २००६ पासून प्रत्येक संघाला आक्रमणासाठी आपापले चेंडू आधी घासूनपुसून तयार करण्याची मुभा आहे, त्यामुळे कोऱ्या कातड्याचा गुळगुळीतपणा प्रत्यक्ष सामन्यात फारसा उरत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणे पाहू. २०२० मध्ये जो बरो याची वीत बरोबर नऊ इंच भरली, तेव्हा आपल्या इवल्याशा हातांतून चेंडू निसटणार असल्याचे कळल्यामुळे निवृत्तीचा विचार करतो आहे, अशी थट्टा त्याने स्वतःच समाजमाध्यमावर केली; सिनसिनाटी संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो संघ सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर उभा होता. पॅट्रिक माहोम्स सव्वानऊ इंचांचा, आणि २०१९, २०२२ व २०२३ या हंगामांची विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. याउलट पॅक्स्टन लिंच सव्वादहा इंचांचा पंजा घेऊन २०१६ मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत डेन्व्हर संघाकडे गेला आणि टिकला नाही. ब्रेट फाव्हचा पंजा तर दहा इंचांहूनही बराच मोठा होता, तरीही कारकिर्दीत सर्वाधिक, म्हणजे १६६ वेळा चेंडू हातून सुटल्याची, अर्थात फंबलची, नोंद त्याच्याच नावावर आहे. तो सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळला हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे, पण त्यावरून एवढे दिसते की चेंडू हातात किती वेळ धरून ठेवला आणि धडक कोणत्या क्षणी बसली, यांचा फंबलशी जितका संबंध आहे तितका विती-करंगळीचा नाही.

सर्वांत बोलके उदाहरण केनी पिकेटचे. २०२२ मध्ये त्याची वीत साडेआठ इंच भरली आणि ‘उत्तरेच्या थंडीत याचे कसे होणार’ अशी चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. ज्या पिट्सबर्ग संघाने त्याला विसाव्या क्रमांकावर घेतले, त्याच संघाच्या मैदानावर तो कॉलेजचे सामनेही खेळत आला होता. त्याच शहराची थंडी त्याच्या बोटांनी अनेक हंगाम सोसली होती. दोन हंगामांनंतर, मार्च २०२४ मध्ये, संघाने त्याला फिलाडेल्फिया संघाला देऊन टाकले खरे, पण त्याचा हिशेब १३ टचडाउन पास (गुण मिळवून देणाऱ्या फेकी) आणि तितकेच इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने मध्येच झेललेल्या फेकी) असा होता. ही उणीव पट्टीने मोजता येण्यासारखी नव्हती.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्यांना चेंडू पेलताच येत नाही अशी मुले शाळेत किंवा कॉलेजातच दुसऱ्या जागी खेळू लागतात. कंबाइनपर्यंत पोहोचणारे बहुतेक जण नऊ ते साडेदहा इंचांच्या पट्ट्यातले असल्यामुळे त्यांच्यातल्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या फरकावरून फारसे काही ठरवता येत नाही. आणि ते मापही वाटते तितके पक्के नसते : २०१६ मध्ये ब्रँडन ॲलनची वीत एका चाचणीत साडेआठ इंच भरली आणि मालीश व ताणाचे व्यायाम केल्यावर काही आठवड्यांत ती पावणेनऊच्या पुढे गेली. माझ्या मते, पंजाचे माप हे फार तर प्रश्न उपस्थित करण्याचे निमित्त आहे. त्याचे उत्तर ओल्या चेंडूने केलेल्या फेकीतच शोधावे लागते.

तुमच्या नातवाच्या बाबतीत तर हा प्रश्न आजच सोडवण्याचे कारणच नाही. चौदाव्या वर्षी हाडे वाढतच असतात. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तिकडे किंचित लहान मापाचा चेंडू मिळतो आणि हायस्कूलात पूर्ण मापाचा येतो, म्हणजे नातू नेमका उंबरठ्यावर आहे. हात अपुरा वाटण्याचे कारण कदाचित नुकताच बदललेला चेंडूच असेल. कोणत्या मापाचा चेंडू हातात आहे ते मुलाला आधी पाहायला सांगा. पट्टी कपाटात ठेवावी आणि बोटांच्या पकडीसाठी नातवाला टेनिसचा चेंडू दाबायला द्यावा. पुढच्या पावसात त्याला अंगणात वीस फेकी करायला लावून किती सुटल्या ते फोनवर विचारा.