वाचक विचारतात : मुलीसाठी पहिला लॅपटॉप घेताना

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असून ती सीए फाउंडेशनचीही तयारी करत आहे. आमच्या घरात याआधी संगणक नव्हता. ती पुण्यात धायरीहून डेक्कनला रोज पीएमपीच्या बसने ये-जा करते. आम्ही ४५ हजार रुपये बाजूला काढून ठेवले आहेत. एका दुकानदाराने ‘पुढची पाच वर्षे बघायला नको’ असे सांगून ६८ हजारांचा गेमिंग लॅपटॉप सुचवला. वरचे पैसे हप्त्याने भरा, असे तो म्हणतो. दुसरीकडे एक नातेवाईक त्यांचा सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह लॅपटॉप १५ हजारांत देऊ करत आहेत. आम्ही काय करावे? – एक पालक, धायरी

उत्तर : आपण या दोन्हींपैकी एकही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेमिंग लॅपटॉपमध्ये जास्तीचे पैसे पडतात ते मुख्यतः स्वतंत्र ग्राफिक कार्डाचे. खेळ, व्हिडिओ संकलन किंवा त्रिमितीय आराखडे यांसाठी ते उपयोगी पडते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ऑनलाइन व्याख्याने यांना त्याची गरज लागत नाही. शिवाय असे लॅपटॉप बहुधा दोन किलोंच्या वर जातात, त्यांचा चार्जरही जड असतो आणि बॅटरी लवकर उतरते. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे ओझे रोज असणार आहे. त्यासाठी कर्ज काढणे तर मुळीच योग्य नाही.

नातेवाइकांना नाही म्हणताना अवघडल्यासारखे होईल, पण तेही म्हणावेच लागेल. ‘आय थ्री’ आणि ‘आय फाइव्ह’ या इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मेंदूच्या, श्रेणी आहेत आणि जनरेशन म्हणजे त्याची पिढी. ‘आय फाइव्ह’ म्हणजे ‘आय थ्री’पेक्षा चांगला, हे एकाच जनरेशनमध्ये ठीक आहे, जनरेशन बदलली की हा हिशेब टिकत नाही. सातव्या जनरेशनच्या आय फाइव्ह ७२००यू या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, तर बाराव्या जनरेशनच्या आय थ्री १२१५यूमध्ये सहा आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या जनरेशनपासून पुढचेच आहेत. ज्या यंत्रावरून परीक्षेचे अर्ज आणि शुल्क भरायचे, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील, तर स्वस्तात मिळाले म्हणून ते घेण्यात अर्थ नाही.

मग घ्यावा कोणता? माझा आग्रह असा, की जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे खर्च करावेत आणि बाकीचे पुढे पाहावे. प्रोसेसर, स्क्रीन आणि कीबोर्ड आयुष्यभर तेच राहतात. एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारी डिस्क, बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर मोठी बसवता येते, म्हणून ५१२ जीबी आज पुरेशी आहे. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते, तो केवळ मोजणीच्या पद्धतीतला फरक असतो.

रॅमचे, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचे, मात्र नीट विचारून घ्यावे लागते. १६ जीबी बजेटमध्ये बसत असेल तर उत्तमच. ८ जीबी घ्यावी लागली, तर ती पुढे वाढवता येईल याची खात्री करून घ्यावी, कारण काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डालाच, कायमची डाखलेली (सोल्डर केलेली) असते. दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’ उघडा आणि खालच्या बाजूला पाहा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘सोडिम’ (काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) आणि ‘स्लॉट्स यूज्ड’समोर ‘१ ऑफ २’ असेल, तर एक जागा मोकळी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले, तर ती रॅम डाखलेली आहे, असे समजावे.

वाणिज्य शाखेच्या मुलीसाठी आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे, ती म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा स्वतंत्र बटणसंच. टॅलीत नोंदी करताना वरच्या ओळीतले आकडे शोधत बसणे कंटाळवाणे होते. १४ इंची लॅपटॉपमध्ये हा संच सहसा नसतो, १५.६ इंचीत बहुधा असतो; आणि १.७ किलोंच्या आतले १५.६ इंची लॅपटॉप मिळतात, त्यामुळे मी तोच आकार निवडेन. स्क्रीन फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० असावी. खरेदीला मुलीला सोबत न्या, एक्सेलची भरलेली शीट उघडायला सांगा आणि तिलाच आकडे टंकून पाहू द्या. मॅकबुकचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा, कारण टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे.

दुकानदाराने ‘ऑफिस (एक्सेल, वर्ड वगैरे) मोफत’ असे सांगितले, तर ते कायमचे आहे की वर्षभराचे, हे विचारावे. जीएसटीचे पक्के बिल आपल्या नावाने, सीरियल नंबरसह घ्यावे आणि वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येणार की लॅपटॉप सेवा केंद्रात न्यावा लागणार, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे. माऊस आणि बॅग दुकानदाराने भेट दिली नाही, तर त्यासाठी अडून बसू नका. माऊस तापकीर गल्लीत सहज मिळेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मराठीत लेखन करणे आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढेच माझे काम आहे. स्वस्तातला लॅपटॉप चालेल का? मराठीसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागेल का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : चालेल, मात्र ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ प्रकारची) साठवण असलेले अगदी स्वस्त लॅपटॉप टाळावेत, कारण विंडोजचे अपडेट येताच त्यांची जागा भरते आणि ते रखडू लागतात. मराठीसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली, की इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठी ठरवलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानुसार मराठी उमटवणारा) असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. इंग्रजी टंकलेखनाची सवय असेल तर फोनेटिकने सुरुवात करावी. मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत उमटतो, त्यामुळे तो ईमेलने पाठवल्यावर पलीकडे अक्षरांचा गोंधळ होत नाही. दुकानातच एक परिच्छेद टंकून पाहावा. बटणे लहान वाटली, तर घरी टेबलावर लिहिण्यासाठी यूएसबीचा वेगळा कीबोर्ड जोडता येईल.