एक दात जास्तीचा

प्रश्न : आमच्या उसाच्या चरकाला २० आणि ४० दातांचे गिअर आहेत. कुपवाडचा टर्नर म्हणतो, मोठा ४१चा करा, ‘हंटिंग टूथ’ मिळेल. म्हणजे काय? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : टर्नर बरोबर बोलतोय. २०-४०मध्ये लहान गिअरचा प्रत्येक दात कायम मोठ्याच्या त्याच दोन दातांवर बसतो. टवका उडालेला दात त्यांनाच कुरतडतो. ४१ केले की तीच जोडी लहान गिअरच्या ४१ फेऱ्यांनी भेटते. झीज सगळ्यांत वाटली जाते. तो जास्तीचा दात म्हणजे हंटिंग टूथ. शिकाऊ असताना मी तो चूक समजून ड्रॉइंगवर खोडला होता, बोलणी खाल्ली. मात्र शाफ्टमधलं अंतर अर्ध्या मोड्यूलनं (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं मिमीतलं माप) वाढेल, ६ मोड्यूलला ३ मिमी. बेअरिंग तेवढं सरकतंय का, आधी बघा.