आईच्या रेसिपी चॅनेलवर लोकांचा विश्वास कसा बसेल?

तुम्ही लिहिलंय की आईचा चॅनेल सुरू केलाय, व्ह्यूज येतात, पण माणसं परत येत नाहीत. मी बरीच वर्षं असे व्हिडिओ बघून स्वयंपाक करते आहे, म्हणून बघणाऱ्याच्या बाजूनं सांगते.

विश्वास बसतो तो बघणाऱ्याच्या स्वयंपाकघरात. पदार्थ जमला की पुढच्या वेळी आपण नुसतं 'रव्याचे लाडू' शोधत नाही, सोबत त्या बाईंचं नावही टाकतो. 'मधुराज् रेसिपी' चॅनेलच्या मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. घरापासून लांब राहून व्हिडिओ बघणाऱ्या, शेजारी विचारायला कुणी नसलेल्या मुलीला 'अंदाजानं मीठ' म्हणून भागत नाही. तिला वाटी केवढी तेही सांगावं लागतं.

चकलीचंच घ्या. मोहन (पिठात घालायचं गरम तेल) जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी पडलं तर कडक होते. हे आईला हातानं कळतं, पण तिनं ते कॅमेऱ्यासमोर बोललं पाहिजे. शक्य असेल तर बिघडलेली चकलीही दाखवा, कापून टाकू नका. खाली कुणी 'माझी तुटली हो' असं लिहिलं, तर 'धन्यवाद ताई' एवढ्यावर सोडू नका. मोहन किती घातलं, ते कडकडीत होतं का, पीठ किती वेळ मळलं, हे विचारा आणि ते उत्तर सगळ्यांत वर पिन करा. मी तरी आधी अशी उत्तरंच वाचते, मग व्हिडिओ बघते.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलला की ओळख नसताना जवळीक वाटू लागते. तेव्हा ती एकतर्फी होती. आता बघणारा उलट बोलू शकतो, आणि ही संधी बहुतेक चॅनेल वाया घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आईला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी' चॅनेलवाल्या आजी, २०२० मध्ये घराघरांत पोचल्या त्या आपल्या नेहमीच्या बोलीत. नातू शूटिंग करायचा.

थोडं नाव झालं की मसालेवाले, मिक्सरवाले फोन करतील. पैसे घेतले असतील तर सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या जाहिरात मानक परिषदेच्या (ASCI) २०२१ च्या नियमांप्रमाणे तसं लेबल लावावंच लागतं, आणि यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना त्यासाठी वेगळी खूण असते. पण त्याआधी ती वस्तू आईला महिनाभर रोजच्या स्वयंपाकात वापरू द्या. तिला पटली नाही, तर पैसे कितीही असोत, नाही म्हणा.