ओठ एक, कामं तीन

"ताई, लोक म्हणतात दोन दगडांवर पाय ठेवू नये. माझे तर तीन दगड आहेत. त्यातला कोणता सोडू, तेवढं सांगा."

केदार माझ्याकडे सल्ल्यासाठी पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीत नीट बसायच्या आधी हेच बोलला. हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. नाचाचे क्लास घेणाऱ्या मुली, चित्रकार, तबलजी, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील विचारतात, "कार्यक्रम, स्वतःची निर्मिती आणि शिकवण्या एकदम करणाऱ्याचं शेवटी कशातच काही होत नाही, हे खरं ना?" म्हणून केदारच्या परवानगीने, नाव आणि काही तपशील बदलून, इथे लिहिते आहे.

केदार चौतीस वर्षांचा, इंदूरच्या रामबागेत वाढलेला. तो सॅक्सोफोन वाजवतो आणि त्याचा जीव जॅझवर आहे. इथे मनासारखं जॅझ वाजवायला महिन्या-दोन महिन्यांतून एखादी संध्याकाळ मिळते. पोट चालतं ते लग्नांवर. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी झाली की सुरू, मध्ये खरमास, म्हणजे लग्नं वर्ज्य असलेला काळ, कोरडा, मग पुन्हा आषाढापर्यंत कॉकटेलच्या संध्याकाळी उभं राहून जुनी हिंदी गाणी वाजवायची. देव झोपले की चार महिने हात रिकामे. ती तूट अकरा मुलांच्या शिकवण्यांनी भरून निघायची. शिवाय चार वर्षांपासून तो चार वादकांसाठी सहा रचनांचा एक संच लिहीत होता. त्यातल्या अडीच झाल्या होत्या.

आणि आता एका खाजगी शाळेने पूर्णवेळ संगीतशिक्षकाची नोकरी देऊ केली होती. आई म्हणत होती, "घेऊन टाक." मुंबईचे मित्र फोनवर विचारत होते, "पढ़ाने में लग गया क्या?" केदारला आईच्या शब्दांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं होतं.

सुरुवातीला माझंच चुकलं. मी त्याच्याबरोबर बसून वेळापत्रक केलं. सकाळी दोन तास रचना, दुपारी रियाज, संध्याकाळी शिकवण्या, रात्री कार्यक्रम. कागदावर सगळं बसत होतं, पण दोन आठवड्यांत ते मोडलं. सकाळी वाद्य गळ्यात अडकवून तो बसायचा आणि काहीच सुचायचं नाही. याला शिस्त कमी पडते, असं माझ्या मनात येऊन गेलं. तसं नव्हतं, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं.

त्या दिवशी मी चहा दिला. पहिल्या घोटाला तो एकदम कळवळला आणि कप खाली ठेवला. "गरम आहे का?" म्हटलं तर म्हणाला, "नाही ताई, ओठ." खालचा ओठ बाहेर वळवून त्याने दाखवला. आतल्या बाजूला दातांच्या ओळीची पांढरी खूण होती आणि एका जागी साल निघालेली. मग पाकिटातून सिगारेटच्या कागदाची बारीक घडी काढली. वाजवताना ती खालच्या दातांवर ठेवतो, म्हणजे कमी रुततं. आईला एकदा खिशात ते कागद सापडले होते आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

मी त्याला नीट समजावून सांगायला लावलं. सॅक्सोफोन वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर वाद्याचं तोंड टेकवतात. बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, त्या ओठावर थरथरते. बटव्याची नाडी ओढावी तसे ओठांभोवतीचे स्नायू चहूबाजूंनी आवळून ते धरतात. हे स्नायू छोटे असतात आणि थकतात. ते थकले की वाजवणारा नकळत दातांनी धरायला लागतो. मग ओठ सोलवटतो, सूर बारीक होतो, कोपऱ्यातून हवा निसटते. केदार रात्री तीन-चार तास लग्नात वाजवायचा, दुसऱ्या दिवशी अकरा मुलांबरोबर प्रत्येक धडा स्वतः वाजवायचा, आणि मग रचना करायलाही तेच वाद्य उचलायचा.

मी तासांची वही बंद करायला सांगितली. त्याऐवजी प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ओठाला दहापैकी किती गुण, एवढंच लिहायचं. दहा दिवसांनी वही समोर आली. लग्नाला जाताना आठ, येताना तीन. शिकवायला बसताना चार, उठताना दोन. रचनेच्या रकान्यात जवळजवळ रोज दोन. तो बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिला. "म्हणजे मला सुचत नव्हतं असं नाही," तो म्हणाला, "माझ्याकडे उरतच नव्हतं."

एक गोष्ट इथेच सांगते. ओठ बधिर होत असेल, किंवा विश्रांती घेऊनही ठरावीक सुरावर तोंड आपोआप वाकडं होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. वादकांमध्ये असा एक मज्जासंस्थेचा विकारही असतो आणि जास्त रियाज हा त्यावरचा उपाय नव्हे. केदारला मी दाखवून यायला लावलं. त्याचा त्रास केवळ अतिवापराचा निघाला.

मग त्याने मनातलं काढलं. सॉनी रोलिन्स हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक नाव झालेलं असताना 1959 मध्ये कार्यक्रमांतून बाजूला झाला आणि 1961 पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटा रियाज करत राहिला. "मलाही अशी दोन वर्षं पाहिजेत, ताई. सगळं सोडून." यावर हसण्यासारखं काही नाही. ही तहान खरी असते. मी एवढंच विचारलं की त्या दोन वर्षांत ओठाला काय मिळेल, आणि कानाला काय?

इंदूरहून तासाभरावरच्या देवासची आठवण मला तेव्हा आली. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन तिथे राहायला आले. जवळपास पाच वर्षं गाणं बंद. गळा बंद होता तरी कान उघडे होते. त्या काळात त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, टिपली, आणि पुढे त्यातून त्यांच्या नव्या रागांना वाट मिळाली. केदारने लहानपणी हे घरात कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण स्वतःशी जोडून पाहिलं नव्हतं. ओठ थकलेला दिवस वाया गेलेला असायलाच पाहिजे असं नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं.

आजीची बाजाची पेटी माळ्यावर होती, ती खाली आली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक्सोफोन केसमध्येच ठेवून आजीच्या पेटीवर रचना करायची, असं ठरलं. त्याने थोडी कुरकुर केली, कारण त्याचा आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, म्हणजे कागदावर लिहिलेल्या सुरापेक्षा खालचा सूर त्यातून निघतो. पेटीवर सापडलेली ओळ सॅक्सोफोनसाठी लिहिताना प्रत्येक सूर वर सरकवून मांडावा लागतो. पण महिन्याभराने तो वेगळंच सांगू लागला. सॅक्सोफोनवर बोटं सवयीच्या वाटेनेच जायची. पेटीवर ती वाट ठाऊक नसल्याने ओळी नव्या निघत होत्या.

शिकवण्याचं कोडं त्यानेच सोडवलं. "तू मुलांना गाऊन का नाही सांगत? आपल्याकडे सतारवाल्यांचे गुरूही गाऊन सांगतात," एवढंच मी म्हटलं. त्याचे डोळे चमकले. लेनी ट्रिस्टानो नावाचा पियानोवादक आपल्या विद्यार्थ्यांना लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले तुकडे, आधी तोंडाने गायला लावायचा, वाद्य नंतर. केदारला हे वर्षानुवर्षं माहीत होतं. त्याने ते वापरलं मात्र आता. मुलं गायला लागली, आणि तासाअखेरीस त्याच्या ओठाला सहा गुण राहू लागले.

एवढं होऊनही नोकरीचा विषय निघाला की त्याचा चेहरा पडायचा. मास्तर या शब्दाशी त्याचं भांडण होतं. आम्ही त्यावर चार भेटी घालवल्या, आणि मला त्या सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. मी त्याला विचारलं, तुझ्या खोलीत फोटो कोणाचा आहे? जॅकी मॅकलीन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा. हा माणूस काय करायचा? केदार उत्तर देता देता थांबला. मॅकलीनने साठच्या दशकाच्या अखेरीपासून हार्टफर्डच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, तिथे एक विभाग उभा केला, आणि वाजवणंही सोडलं नाही. ज्याला तो देव मानत होता त्याच्या शिकवण्याला केदारने कधी कमी लेखलं नव्हतं. स्वतःच्या शिकवण्याला मात्र तो चार वर्षं हार म्हणत होता. त्या दिवशी तो रडला. मुंबईच्या मित्राचं वाक्य आपण रोज आरशासमोर स्वतःला ऐकवतो, असं म्हणाला.

म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी काय सोडायचं ते आधी विचारत नाही. तिन्ही कामं शरीरातल्या, मनातल्या कोणत्या एकाच जागेवरून खर्च होताहेत, ते शोधायला सांगते. नर्तकीचे गुडघे असतात, गायिकेचा गळा असतो. काहींचा नुसता दुसऱ्यांच्या मुलांशी बोलायचा धीर असतो, आणि तोही संपतो.

केदारने शाळेकडे आठवड्यातले तीनच दिवस मागितले. शाळेने आधी नाही म्हटलं, महिन्याने हो म्हटलं. पगार अर्थातच कमी आहे. पण चातुर्मासातही येतो, त्यामुळे सलग दोन रात्रींची लग्नं तो आता नाकारू शकतो. आईला हे अजून पटलेलं नाही. चांगली चालून आलेली पूर्ण नोकरी अर्धी कशाला केली, असं ती मला देवळात भेटली तेव्हा म्हणाली. तिची काळजी खोटी नाही. नवऱ्याच्या पश्चात तिने घर एकटीने ओढलंय.

गेल्या महिन्यात केदार आला तो वही न घेता. चौथी रचना पुरी झाली होती. फोनमध्ये रेकॉर्ड केलेली ती त्याने मला ऐकवली, पेटीवरची, मागे कुकरच्या शिट्टीसकट. मला जॅझ फारसं कळत नाही. मी दोनदा ऐकली. नंतर त्याने चहा मागितला आणि गरम असतानाच प्यायला.