आधी मांडी, मग चेहरा

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तुमच्या विहारासाठी तीन फुटी बैठी बुद्धमूर्ती करायचं काम तू अंगावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. देव्हाऱ्यांच्या कारखान्यात कमळं, कळस, महिरपी कोरून तुझा हात चांगला बसलाय, त्याबद्दल मला शंका नाही. पण सरावासाठी केलेल्या त्या चेहऱ्याचे फोटो बघितले आणि लगेच लिहायला बसलो. ओठ सुरेख आलेत, केसांची कुरळी वेटोळी एकेक सुटी, पापण्या रेखीव. तरीही तो बुद्ध वाटत नाही. एखाद्या देखण्या माणसाचा चेहरा वाटतो. याचं कारण चेहऱ्यात शोधू नकोस. बुद्धमूर्तीतली शांतता आधी बैठकीत येते, पाठीच्या कण्यात येते, खांदे किती सैल सोडलेत त्यात येते. चेहऱ्यावर ती शेवटी पोचते. म्हणून सुरुवात मांडीपासून कर आणि चेहऱ्याला सगळ्यात शेवटी हात लाव.

नक्षीकाम करणाऱ्याला हे जड जातं. नक्षीत एखादं पान थोडं बिघडलं तर शेजारचं पान वळवून सांभाळून घेता येतं. बुद्धाच्या छातीवर, पाठीवर, खांद्यावर सांभाळून घ्यायला काही नसतं. दागिना नाही, शस्त्र नाही, मुकुट नाही. चिवराची एक कड डाव्या खांद्यावरून उतरते, बाकी सगळी साधी जागा. ती साधी जागा भरीव, जिवंत वाटायला हवी, सपाट नाही. छातीवर श्वास घेतल्याचा फुगवटा हवा, पोटात किंचित सैलपणा हवा. तुझी खरी परीक्षा तिथं आहे.

आता हिशोब. उभ्या मूर्तीसाठी आपल्याकडं नवतालाचं माप चालत आलंय. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, त्याची 12 अंगुळं, आणि केसांच्या रेषेपासून तळव्यापर्यंत एकूण 108. चेहरा 12, मान 4, गळ्यापासून छातीपर्यंत 12, तिथून बेंबीपर्यंत 12, बेंबीखाली आणखी 12, मांडी 24, गुडघा 4, नडगी 24, पाऊल 4. हे पाठच कर. बैठ्या मूर्तीला मी दुसरं एक माप वापरतो. जपानमध्ये जोचो नावाचा मूर्तिकार होऊन गेला. त्यानं 1053 साली ब्योदो-इन या मंदिरासाठी अमिताभ बुद्धाची लाकडी मूर्ती घडवली. तिच्यात दोन गुडघ्यांमधलं अंतर आणि मांडीच्या तळापासून केसांच्या रेषेपर्यंतची उंची सारखी आहे. त्यामुळं ती मूर्ती जमिनीला घट्ट बसल्यासारखी दिसते. तुझी मूर्ती उष्णीषासकट, म्हणजे डोक्यावरच्या उंचवट्यासकट, 36 इंच असेल तर केसांची रेषा साधारण 30 इंचांवर येईल, म्हणजे गुडघ्यांची रुंदीही तेवढीच. फोटोतल्या तुझ्या कच्च्या आराखड्यात ती 24 दिसते. तेवढ्यानं मूर्ती चवड्यावर उभी असल्यासारखी डळमळीत वाटेल.

आणि 30 इंच रुंदीचा अखंड ओंडका तुला टिंबर मार्केटमध्ये परवडणार नाही. मिळाला तरी घेऊ नकोस. अखंड ओंडक्यात मधली नाडी, म्हणजे खोडाचा अगदी मधला मऊ भाग, येते, आणि नाडी आत राहिली की तडा ठरलेला. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षावर्तुळांच्या बाजूनं ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. या ओढाताणीत ओंडका बाहेरून आत फाटत जातो. आपल्याकडं चार महिने हवेत दमटपणा आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरडी झळ. कोल्हापूरच्या हवेत तर जाड लाकडाची ही चूक लपतच नाही.

जोचोनं या अडचणीवर जोडकामाची पद्धत पक्की केली. अनेक ठोकळे जोडायचे, आतून पोकळ करायचे, भिंत सगळीकडं सारखी जाड ठेवायची. तोदाइजी मंदिराच्या दारातले दोन द्वारपाल 1203 साली उनकेई आणि काइकेई यांच्या हाताखाली असेच जोडकामानं उभे राहिले. आठ मीटरच्या वर उंची, आणि काम संपलं 69 दिवसांत. ठोकळे वेगवेगळे असल्यामुळं एकाच वेळी अनेक कारागीर कामाला लावता आले.

तुझ्या कामात मात्र जोडायचं कारण वेगळं आहे, आणि ते नीट समजून घे. धडाच्या ठोकळ्यात लाकडाच्या रेषा उभ्या असतात. त्याच ठोकळ्यातून तू मांडी आणि ध्यानमुद्रेतले हात काढलेस, तर बोटं रेषेला आडवी येतील. पाव इंच जाडीचं बोट आणि त्यातून आरपार जाणाऱ्या आखूड रेषा. झाडूचा धक्का लागला तरी टचकन तुटेल. म्हणून मांडीचा पुढचा भाग आणि हात वेगळ्या ठोकळ्यात काढ, आणि त्या ठोकळ्याच्या रेषा डाव्या गुडघ्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत आडव्या ठेव. मग बोटं रेषेच्या लांबीत येतील. उभा ठोकळा आणि आडवा ठोकळा जिथं भेटतात, तिथं पूर्ण पृष्ठभागाला फेव्हिकॉल फासू नकोस. दोघांचं आकसणं-फुगणं वेगळ्या दिशेनं असतं. मध्यभागी चिकटव, बाजूंना खाच पाडून लाकडी खुंट्या दे, म्हणजे हलायला थोडी जागा राहते.

पोकळ करण्याचं काम तुला फुकटची मेहनत वाटेल. वाटू दे, पण कर. भिंत सव्वा-दीड इंच ठेव, डोकंही आतून कोर. या पोकळीवरून एक गोष्ट सांगतो. कौशांबीच्या उदयन राजानं बुद्धाच्या हयातीतच त्यांची चंदनाची मूर्ती करवून घेतली, अशी कथा ह्युएन त्सांगनं आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलीय. त्या मूर्तीची प्रतिकृती म्हणून 985 साली चीनमध्ये एक मूर्ती कोरली गेली. चोनेन नावाचा जपानी भिक्षू ती घेऊन गेला, आणि आज ती क्योतोच्या सेइर्योजी मंदिरात आहे. 1954 साली तिची पोकळी उघडून पाहिली, तर आत रेशमी कापडाचे शिवलेले अवयव निघाले. कोणीतरी बसून मूर्तीसाठी काळीज, आतडी शिवली होती. मला हे फार मोठं वाटतं. तुझ्या मूर्तीच्या पोटात काय ठेवायचं, ते विहारातल्या माणसांना विचार. ते काय देतील ते आत ठेव आणि मगच मागची फळी बसव.

लाकडाबद्दल तू सागवान की चंदन असं विचारलंस. चंदन सोडून दे. परवान्याची भानगड, किंमत आवाक्याबाहेर, आणि एवढ्या मापाचा तुकडा मिळणं कठीण. सागवान टिकाऊ आहे, वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच्यात वाळूसारखी सिलिका असते. पटाशीची धार बघता बघता जाते. माझ्या मते तू शिवण घे. हलकी, एकसारख्या पोताची, वाळल्यावर फार वाकडी होत नाही, आणि कोरताना पटाशीला ऐकते. रंग फिकट पिवळसर, त्यावर सावल्या स्वच्छ दिसतात. पांढरा भाग काढून टाक, कीड तिथंच पहिल्यांदा लागते. वखारवाला वाळलेलं म्हणाला तरी विश्वास ठेवू नकोस. तुकडे कापून, टोकांना मेण लावून, सावलीत पट्ट्यांवर रचून ठेव. उन्हात नको, पत्र्याच्या शेडखाली तर अजिबात नको.

धारेबद्दल थोडक्यात. पटाशीनं ढलपी काढल्यावर लाकडावर चकाकी राहिली पाहिजे. पांढरट, खरखरीत माग राहिला की हात थांबव आणि दगडाकडं जा. चढावरून उताराकडं काप, हा नियम तुला माहीतच आहे, पण चेहऱ्यावर तो कसा लागतो ते सांगतो. भुवईच्या उंचवट्यावरून डोळ्याच्या खोबणीत वरून खाली यायचं, गालाच्या उंचवट्यावरून त्याच खोबणीत खालून वर यायचं. दोन्ही काप जिथं भेटतात, ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याची जागा. तिथं रेषा उलटते. बारीक गोल पटाशी धरून, मोगरी बाजूला ठेवून, नुसत्या तळहाताच्या दाबानं केसभर केसभर जायचं. खालची पापणी जवळजवळ कोरूच नकोस. वरची पापणी झुकली की खालची आपोआप दिसते. नवीन माणूस दोन्ही पापण्या कोरतो, आणि मूर्ती जागी होऊन टक लावून बघायला लागते.

नजर कुठं पडते, हेही आधी ठरव. विहारात लोक खाली सतरंजीवर बसतात आणि मूर्ती ओट्यावर असते. समोर उभं राहून तू डोळे बरोबर केलेस, तर खाली बसलेल्याला हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतील. म्हणून मूर्ती ओट्याच्या उंचीवर ठेव, स्वतः जमिनीवर बस आणि तिथून बघून मान किंचित पुढं झुकव. रात्री ट्यूबलाइट बंद करून एका बाजूनं बॅटरी मार. छातीवरचे खड्डे, गालांतला फरक सगळं उघडं पडेल.

पॉलिश पेपरचा मोह आवर. घासून घासून मऊ केलेल्या लाकडात कडा मरतात. सतराव्या शतकातल्या एन्कू या जपानी भिक्षूनं गावोगाव फिरून हजारो मूर्ती केल्या, कुऱ्हाडीचे आणि पटाशीचे माग तसेच ठेवून. तू एवढं रांगडं करावंस असं माझं म्हणणं नाही. पण धारदार पटाशीचा शेवटचा हात मूर्तीवर दिसू दे. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात पुरेत. सोनेरी रंगाचा आग्रह कोणी धरला, तर न भांडता नाही म्हण.

सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव मशीनचं विचारलंस. ओट्याची जाळी, मागची प्रभावळ त्यावर करून घे, काही हरकत नाही. मूर्ती नको. मशीनला तुमच्या शिवणीची रेषा कुठं उलटते ते कळत नाही, आणि तुझा हातही त्यातून शिकत नाही.

बघायला लांब जायची गरज नाही. जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची लेणी आहेत, तिथल्या विहारात तासभर नुसती बस. बिंदू चौकातला बाबासाहेबांचा अर्धपुतळा तू रोज जाता-येता बघतेस. 9 डिसेंबर 1950 रोजी, त्यांच्या हयातीतच तो तिथं बसवला गेला. एकदा पहाटे, गर्दी नसताना, फक्त मान खांद्यातून कशी वर येते तेवढंच बघ आणि वहीत काढ. अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपाच्या कमानींचं काम आपल्यासारख्याच सुतारांचं. आणि बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरातले, हे विसरू नकोस. त्यांनी चित्रं काढली, शिल्पं केली, स्वतः कॅमेरा बनवला. हत्यार हातात असलेल्या माणसानं एवढं करावं, ही या गावाची रीत आहे.

राहिला मुदतीचा प्रश्न. कमिटी बुद्ध पौर्णिमेला मूर्ती मागतेय आणि तू हो म्हणून बसलीस. उद्याच जाऊन त्यांना सांग की लाकूड वाळायलाच तोवरचा वेळ जाईल, मूर्ती त्यापुढच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत मिळेल. वैशाखात हवं तर त्यांना मातीचं छोटं मॉडेल दाखव, तेही तुला करायचंच आहे. ॲडव्हान्स लाकडापुरताच घे आणि वखारीची पावती त्यांच्या हातात दे. विहाराचा पैसा घराघरातून गोळा झालेला असतो.

मांडीचा आडवा ठोकळा तयार झाला की धडासकट टेम्पोत घालून इकडं आण. माझ्याकडचे लांब शिकंजे लागतील, आणि जोड बसवताना चार हात हवेतच. येताना मॉडेल आण, पोकळीचा छेद दाखवणारं चित्र आण, आणि तुझ्या गोल पटाश्या सगळ्या आण, धार बघायची आहे.

तुझा,
मेस्त्री काका