स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला गोळ्यांशिवाय आणखी कशाने मदत होते?

तुम्ही लिहिलंय, दोन वर्षं गोळ्या वेळेवर चालू आहेत, घरात त्याला कोणी चकार शब्द बोलत नाही, ताण नको म्हणून कामालाही पाठवत नाही, तरी भाऊ उभा राहत नाही. वाचून माझा दादाच आठवला. मी तुमच्या भावाच्या जागेवरचा माणूस. निदान २०११ सालचं.

गोळ्यांबद्दल वाद नाही, कानात येणारे आवाज त्यांनीच कमी झाले. पण पुढे दिवसभर करायचं काय, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नसतं. चार वर्षं मी पलंगावर होतो. रात्री आई जीभ वर करायला लावून गोळी गिळली का बघायची.

मग गल्लीतल्या गिरणीवाल्या अण्णांना हाताखाली माणूस हवा होता. माझं सगळं त्यांना माहीत होतं, गल्लीत काय लपतं? सकाळी गुंगीत उठवायचं नाही, तर म्हणाले, चारला ये. (पुढे डॉक्टरांनी सकाळची गोळी रात्रीवर नेली. तोवर आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.)

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी ही रांग! मी बाजरीवरच एका आजींची उपवासाची भाजणी टाकली. राजगिरा, वरी, साबुदाणा, सगळं वाया. अण्णांनी रांगेसमोर माझा उद्धार केला, वर भाजणीचे पैसे पगारातून कापले. घरी येऊन रडलो. दुसऱ्या दिवशी चारला दहा कमी असताना गिरणीत हजर. चार वर्षांत माझ्यावर कोणी चिडलं नव्हतं, कारण चुकण्यासारखं काही माझ्या हातात दिलंच नव्हतं.

दादा त्याच संध्याकाळी अण्णांशी भांडून आला होता. "तो आजारी आहे, त्याला बोलायचं नाही." अण्णा म्हणाले, "आजारी असेल तर घरी ठेव, कामावर असेल तर बोलणार." यावरून आम्ही भाऊ अजून भांडतो.

आता याचा अर्थ घरात टोमणे सुरू करा असा नाही. घरच्यांच्या सततच्या टीकेने आजार उलटतो, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय. आणि २०१६ मध्ये 'बरा झालो' म्हणून मीच गोळ्या सोडल्या, तीन आठवडे ॲडमिट होतो. अण्णांनी जागा भरली नाही, ते मी कधी विसरणार नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, पुढे आजार बळावला तर कसे उपचार हवेत-नकोत हे बरं असताना लिहून ठेवता येतं, आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमता येतो. मी आईला नेमलं. दादा महिनाभर बोलला नाही.

रात्री-अपरात्री तुम्हालाच काही सुचेनासं झालं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या आसपास असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा पत्ता काढा.

कामाचं मात्र त्याला विचारा, तुम्ही ठरवू नका. आणि लागलाच कुठे, तर त्याच्या मालकाला फोन करू नका.